झबलं कोण कापणार

३ फेब्रुवारी

नाही गं बाई, मेले नाही अजून, आणि मरायला टेकलेही नाही. तुझ्या कार्डावर दोनच ओळी. इतक्या वर्षांनी पत्र कसं, आजारी आहेस का. आणि त्यापुढे एवढी कोरी जागा, की वाटलं तुला 'हो' असंच उत्तर हवं होतं. तर भावोजींना सांग, तुमची थोरली वहिनी ठणठणीत आहे. दोन दाढा गेल्या, एक गुडघा कुरकुरतो आणि डाव्या कानाने मला पाहिजे तेवढंच ऐकू येतं. बाकी दुकानही तिथंच आणि मीही तिथंच, कापायच्या टेबलाशी. हे गेल्यापासून सकाळी शटरही मीच वर करते.

फोन का केला नाही म्हणशील, तर केला होता. तीनदा. तू 'हॅलो' म्हणतेस, माझा आवाज ऐकतेस आणि ठेवून देतेस. चौथ्यांदा भावोजींनी उचलला. ते म्हणाले ती घरात नाही, आणि मागून तू खोकलीस. या वयातही त्या माणसाला धड खोटं बोलता येत नाही, काय शिकवलंस त्यांना? म्हणून पत्र. पत्र आपटलं तरी मागाहून उचलून वाचता येतं. मी चौथीपर्यंतच शिकले हे तुला माहीत आहे, तेव्हा अक्षराला हसू नकोस. तुझं काही मोत्यासारखं नाही.

कामाचं बोलते. भोपळा बाप होणार आहे. तू पाजून पाजून ज्याचा भोपळा केलास तोच. आता तीस वर्षांचा घोडा आहे, पुढचे केस गेलेत, म्हणजे नाव अजून शोभतं. सुनेला सातवा लागलाय. पोरगी गुणाची आहे, फक्त कमी बोलते. या घरात मी असताना तिला बोलायला जागा कुठे मिळणार म्हणा.

आणि झबल्याचा प्रश्न आहे. सासूबाईंचा नियम तुला सांगायला नको, पण परवा सुनेला सांगितला तसा लिहिते, म्हणजे मला काही चुकीचं आठवत असेल तर तू सुधारशील. मूल यायच्या आधी त्याचं पहिलं झबलं तयार पाहिजे. शिवायचं घरातल्या बाईने, पण कापायचं बाहेरच्या बाईने. जिचे या घरावर उपकार आहेत आणि फिटलेले नाहीत, अशीने. सासूबाई म्हणायच्या, "ज्यांनी आपलं केलं त्यांचं आपल्याकडून काही होत नाही. निदान पोराच्या अंगाला त्यांचा हात लागू दे." भोपळ्याचं आणि तुझ्या काडीचं, दोन्ही झबली त्या चष्मेवाल्या बाईने कापली होती ना, जिने सासूबाईंना पहिलं मशीन वापरायला दिलं होतं. तिला कापता कुठे येत होतं. एक बाही वर, एक खाली. सासूबाईंनी तशीच शिवली, टाकाही सरळ केला नाही.

तर हे झबलं तू कापायचंस. भोपळ्याचंही तेच म्हणणं आहे, काकूच हवी. तू आता घरातली राहिली नाहीस, म्हणजे नियमात बसतेस. भांडणाचा एवढा तरी फायदा.

एक गोष्ट तुला बाहेरून कळण्याआधी मीच सांगते. हे सुनेचं दुसरं आहे. दोन वर्षांपूर्वीचं सातव्या महिन्यातच गेलं. त्या वेळी झबलं मी स्वतः कापलं होतं. कुणाला बोलवायला हवं ते मला माहीत होतं, बोलवलं नाही. त्याचा आणि मूल जाण्याचा काही संबंध नाही हे डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं आणि मलाही कळतं. सून तर एक शब्द बोलली नाही. पण पांढरं मऊ कापड आणून आठ दिवस झाले. मी त्या गठ्ठ्याजवळ गेले की ती हातातलं काम थांबवते आणि माझ्या हातांकडे बघत राहते.

ये.

थोरली


११ फेब्रुवारी

या वेळी सहा ओळी. प्रगती आहे.

तू लिहितेस की मी गरज पडली तेव्हाच आठवण काढली, आणि उपकाराचं बोलतेस तर तीस वर्षांत एकदा तरी तोंडाने म्हणालीस का. नाही म्हणाले. खरं आहे. हे असते तर त्यांनी मान डोलावली असती. तुझ्या बाजूने मान डोलवायची त्यांना सवयच होती, मी कितीदा तरी पकडलंय.

बरं, म्हणते. लिहून देते, म्हणजे तुझ्याकडे कागद राहील.

त्या वर्षी काडी आधी झाली आणि नऊ दिवसांनी भोपळा. शाळा उघडायला दीड महिना, आणि चारशे गणवेश कापायचे होते. सासूबाईंचा हात तेव्हा थरथरायला लागला होता. त्यांनी दोघींना आधीच सांगून ठेवलं होतं, बाळंतपणं उरकली की जिचा हात आधी मोकळा होईल तिने टेबल घ्यायचं, आणि मग ते तिचंच. हात तुझा चांगला हे अख्ख्या दुकानाला माहीत होतं. तू खडूची रेघ न मारता कॉलर कापायचीस. मी तीन वेळा माप घ्यायचे, चौथ्या वेळी डोळे मिटायचे आणि मग कात्री चालवायचे.

मला ताप भरला. दूध आलं नाही. पोर रडून रडून निळं पडलं. सासूबाईंनी ते उचललं आणि तुझ्या मांडीवर ठेवलं. तू कुणाला काही विचारलं नाहीस. काडीला एका बाजूला सरकवलंस आणि माझ्याला घेतलंस. सात महिने. मागची खोली, एक खिडकी, दोन पोरं आणि तू. भावोजी काजं करता करता मधेच उठून तुला पाणी द्यायला यायचे, आणि आम्ही सगळे त्यांना हसायचो. तू तेव्हा इतकी वाळलीस की तुझी बांगडी कोपरापर्यंत जायची.

भोपळा जगला तो तुझ्यामुळे. माझ्या पोराला तू वाचवलंस. तुझे उपकार झाले, धाकटे. घे, म्हणाले. दात काही पडले नाहीत.

आता इथलं. सुनेच्या पायांना सूज आहे, रक्तदाब वर जातोय. डॉक्टरीणबाईंनी झोपून राहायला सांगितलंय. ती मशीनच्या मागे गादी घालून झोपते, मशीनचा आवाज असला की तिला बरं वाटतं. भोपळा दर तासाला येऊन तिला विचारतो, हलतंय का. काल ती म्हणाली, बाळ हलतंय, तुम्ही हलू नका. मला वाटलं होतं त्यापेक्षा पोरगी तयार आहे.

तू विचारलंस ताप किती दिवस होता. काडीच्या नव्या डॉक्टरने तिच्या लहानपणाचं सगळं लिहून मागितलंय म्हणून. इतक्या वर्षांपूर्वीचा ताप कोण मोजून ठेवतं. होता काही दिवस. डॉक्टरला म्हणावं पुढचं बघ.

येण्याचं मात्र तू काहीच लिहिलं नाहीस. दिवस जवळ येतायत.

थोरली


२० फेब्रुवारी

आठवतं. अगदी शब्दाला शब्द आठवतं. 'मी काय बोलले होते ते आठवतं का' असं विचारून तुला वाटलं असेल म्हातारी विसरली असेल, किंवा विसरल्याचं सोंग घेईल. सोंगं मी पुष्कळ घेते, पण हे घेणार नाही.

पोरं चार वर्षांची होती. भोपळा दुकानभर पळायचा, कातरण डोक्यावर उधळायचा. काडी भिंतीला धरून चालायची, तिचे गुडघे आत वळलेले. तू आलीस आणि म्हणालीस की आता पोरं मोठी झाली, अर्धा दिवस टेबल मी सांभाळते, अर्धा दिवस तुम्ही सांभाळा. सरळ बोलली होतीस. हसूनच बोलली होतीस. आणि मी तिन्ही कारागिरांच्या समोर म्हणाले, "आधी स्वतःच्या पोरीला पोटभर पाजायला शीक, मग कात्री माग."

तिन्ही मशीनं थांबली. एकाचा पाय पायडलवर तसाच वर राहिला होता, अजून दिसतो मला. तू गळ्यातला टेप काढून टेबलावर ठेवलास आणि आत गेलीस. चौथ्या दिवशी तुम्ही तिघं निघालात. काडीला भावोजींनी खांद्यावर घेतलं होतं आणि ती मला हात करत होती.

मी सगळ्यांना सांगितलं की चेष्टा केली, तिला चेष्टा कळत नाही. सगळ्यांना पटलं. मला चेष्टेची सवय आहे ना, ती मला फार उपयोगी पडते. सासूबाईंना मात्र पटलं नाही. त्या माझ्याशी आठ महिने फक्त कापडाबद्दल बोलल्या. किती मीटर, कोणता रंग, इतकंच.

तू लिहितेस की त्या वाक्याने तू मोडली नाहीस, तुला स्वतःलाच तसं वाटत होतं म्हणून मोडलीस. दोघं रडायला लागले की तू आधी भोपळ्याला घ्यायचीस, त्याच्या आईला नाही म्हणून, आणि काडीला उरलेलं. हाडं कच्ची राहिली ती त्यामुळे, आणि तो दोष तुझा, असं तू डॉक्टरच्या कागदावरही लिहून दिलंस. हे तू तीस वर्षं मनात धरून बसली आहेस.

धाकटे, यात तुझा दोष नाही. हे मी एकदा लिहिलं, खोडलं, परत लिहिलंय. तुझा दोष नाही. याहून जास्त आज लिहवत नाही. कोट शिवायला आलेला एक गिऱ्हाईक समोर हात पसरून उभा आहे, त्याचं माप घेते. तो दर वर्षी येतो आणि दर वर्षी पोट आत ओढतो.

थोरली


२ मार्च

येतेस. तेरा तारखेची बस, चौदाला सकाळी इथं. आणि काडीलाही आणतेस. कार्ड मी दोनदा वाचलं, मग भोपळ्याने वाचलं, मग त्याने सुनेला मोठ्याने वाचून दाखवलं. ती उठून बसली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. मग मला म्हणाली, तुम्ही कापड पाण्यातून काढून वाळत घाला, काकूंनी कापल्यावर आखडायला नको. मला. कापडाला हात लावायला सांगितलं. मी गपचूप घातलं.

भोपळा तुझ्यासाठी खोली झाडतोय. मागचीच खोली आहे, पण आता खिडक्या दोन आहेत. कात्रीला धार लावून आणली. तो विचारत होता, काकू लांब कात्री घेते की आखूड. मी म्हणाले तू तिच्या मांडीवर वाढलास, तुला माहीत असायला हवं. तो लाजला. एवढा मोठा माणूस.

डॉक्टरीणबाई म्हणतात पंधरा-सोळा तारखेच्या पुढे थांबता येणार नाही, रक्तदाब उतरला नाही तर मूल काढावं लागेल. म्हणजे तू वेळेवर येतेस, एक दिवस हातात ठेवून.

या वेळी कार्ड पाकिटातून आलं, सोबत काडीची चिठ्ठी होती. ती तू वाचली आहेस की नाही मला माहीत नाही, म्हणून उतरवून काढते.

"मोठी आई, आई रडली की मी तिला सांगते, रडू नकोस. माझ्या वाट्याचं निम्मं दूध भोपळ्याकडे गेलं आणि तो जगला. नसतं दिलं तर तो राहिला नसता. माझ्या हाडांना मूल झेपणार नाही असं डॉक्टर म्हणतात. पण भोपळ्याला मूल होतंय, म्हणजे त्यात थोडी मी पण आहेच. मी त्याला माझंच समजणार आहे, तुम्ही रागावू नका. त्याला आत्तापासूनच माझा आशीर्वाद."

किती छान लिहिते पोरगी. कुणावर गेली कोण जाणे, तुझ्यावर नाही.

इथवर लिहून मी पेन ठेवलं होतं. परत घेतलंय, पण काही सुचत नाही. प्रवासात अंगावर घ्यायला काही घे.

थोरली


७ मार्च

हे स्पीड पोस्टाने पाठवतेय. तुझी बस तेराला आहे. त्याच्या आधी मिळायला हवं. मिळालं की भावोजींना बाहेर पाठव आणि एकटी वाच. मग काडीला दे. आधी तू, मग ती, आणि मग मी इथं भोपळ्याला आणि सुनेला सांगेन. हाच क्रम बरोबर आहे असं मला वाटतं. चुकीचा असेल तर असू दे, बरोबर क्रमाची वेळ तीस वर्षांपूर्वी गेली.

आज मला चेष्टा सुचत नाही. तुला चुकल्यासारखं वाटेल, पण वाच.

काल दुपारी कारागीर जेवायला गेले होते. सून गादीवर पडली होती आणि मी तिचे तळपाय चोळत होते. ती छताकडे बघत म्हणाली, "मला दूध आलं नाही तर?"

मी म्हणाले येईल गं, सगळ्यांना येतं.

"तुम्हाला नव्हतं आलं."

मी चोळतच राहिले. ती म्हणाली, "कसं वाटलं होतं तुम्हाला? आपलं मूल दुसरीच्या मांडीवर बघताना?"

धाकटे, मी या पोरीला उत्तर देणार होते. तोंड उघडलं होतं. जीव तुटला, ऊर भरून आला, असलं काहीतरी तयारही होतं, तीस वर्षांत पाच-पन्नास बायकांना सांगून गुळगुळीत झालेलं. पण ती घाबरून विचारत होती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, कारण आठ दिवसांनी कदाचित तिच्यावर तीच वेळ येणार आहे. आणि मला कसं वाटलं होतं ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. मी उठले, हात धुतले आणि टेबलाशी जाऊन उभी राहिले. वाळलेलं कापड घडी घालून ठेवलं होतं. तू येऊन त्यावर कात्री चालवणार, काडी शेजारी उभी राहून बघणार. मी चहा करणार, तुझ्या अक्षराची टर उडवणार, आणि सगळं गोड होणार. मला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं मला जड नाही. मी बडबड करते ती त्यासाठीच.

पण काडीची चिठ्ठी आहे ना. 'नसतं दिलं तर तो राहिला नसता' असं ती लिहिते. या एका वाक्यावर तिने तिची हाडं, तिचं न होणारं मूल, सगळं तोलून धरलंय. आणि त्याच वाक्यावरून ती माझ्या नातवंडाला आशीर्वाद पाठवतेय. तो मी तसाच घेतला तर माझ्या घरातलं पोर आयुष्यभर फसवून घेतलेला आशीर्वाद अंगावर वागवेल. झबल्याचंही तेच. तू कापशील ती माझं भलं केलं म्हणून कापशील. तू माझं भलं केलंस हे खरं आहे. तुला वाटतं तसं मात्र नाही.

तीन पत्रांमागे मी उपकार झाले म्हणाले. तेव्हाही अर्धंच म्हणाले.

तू आलीस तर मी दारात उभी असेन. नाही आलीस तर झबलं न कापता राहील. मी ते कापणार नाही आणि दुसऱ्या कुणाला कापू देणार नाही, पोर दवाखान्याच्या फडक्यात घरी येईल. आलीस आणि कापड तसंच ठेवून माझ्या तोंडावर थुंकून गेलीस, तरी चालेल. काडीला जे करायचं असेल ते तिने करावं. तिचा आशीर्वाद परत घ्यायचा असेल तर तिला म्हणावं घे, तो तिचा आहे. फक्त एक कर. डॉक्टरला दिलेल्या कागदावर स्वतःच्या नावापुढे जो दोष लिहिलास तो खोड.

माझा ताप पाच दिवस होता. सहाव्या दिवशी सकाळी मला दूध आलं. अंगावरचा कपडा भिजला इतकं आलं. बाहेर चारशे गणवेश पडले होते, सासूबाई टेबलाशी बसून थरथरत्या हाताने कापत होत्या, आणि पोर मागच्या खोलीत तुझ्या मांडीवर होतं. मी सांगितलं असतं तर पोर माझ्याकडे आलं असतं आणि तुझा हात मोकळा झाला असता. मी मोरीचं दार लावलं आणि सगळं पिळून टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आटेपर्यंत दीड महिना रोज टाकलं, धाकटे, काडी आत भुकेने रडत असताना टाकलं, कारण ते टेबल मला हवं होतं.